ग्राहक कोण, हे नंतर विचारा

जाहिरातीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काम सुरू करताना क्लायंटकडून येणाऱ्या माहितीच्या कागदात, सगळ्यात जास्त थापा 'टार्गेट ऑडियन्स' म्हणजे 'ग्राहक कोण' या रकान्यात मारलेल्या असतात. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नाही. रकाना असतो, तो कोरा ठेवला तर मीटिंगमध्ये बरं दिसत नाही, मग 'वय २५ ते ४०, शहरी, महत्त्वाकांक्षी, गुणवत्तेबद्दल जागरूक' असं काहीबाही उमटतं. मी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिते, त्यामुळे असे रकाने वाचणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग. हा महत्त्वाकांक्षी आणि जागरूक माणूस मला घड्याळाच्या ब्रीफमध्ये भेटतो, विम्याच्या भेटतो, गादीच्याही भेटतो. इतकी जागरूकता बाळगून तो त्या गादीवर झोपतो तरी कधी, कोण जाणे.

त्याच कागदावर वरच्या बाजूला ब्रँडची ओळख असते: विश्वासार्ह, आधुनिक, आपुलकीचा. खाली बाजारातलं स्थान: परवडणाऱ्या दरात प्रीमियम अनुभव. अशा वेळी मी ब्रँडचं नाव बोटाने झाकते, तिथे प्रतिस्पर्ध्याचं नाव आहे असं समजते आणि कागद पुन्हा वाचते. बहुतेक वेळा काहीच खटकत नाही. म्हणजे तासन्‌तास खल होऊनही त्या कागदावर काहीही ठरलेलं नसतं.

यात लिहिणाऱ्याचा दोष कमी आणि प्रश्नांच्या क्रमाचा जास्त, असं माझं मत आहे. आपण कोण, आपला ग्राहक कोण, आपलं स्थान कोणतं, असे तीन प्रश्न ओळीने विचारले जातात. पहिल्याचं उत्तर आत्मकौतुकात जातं, दुसऱ्याचं कल्पनेत आणि तिसऱ्याचं तडजोडीत. त्याऐवजी सुरुवात वेगळ्याच ठिकाणाहून करावी: माणसाला आपली आठवण नेमकी कधी व्हावी, आणि आपण नसतो तर त्या वेळी त्याने काय केलं असतं? याचं उत्तर हाती असेल तर ग्राहक कोण हे बरंचसं आपोआप कळतं. ओळख तर सगळ्यात शेवटी ठरते, कारण त्या आठवणीतली आपली जागा टिकवायला काय काय करावं लागेल, त्यावरच ती अवलंबून असते.

या बाबतीत होंडाची अमेरिकेतली गोष्ट मला कायम आठवते. १९५९ मध्ये ही जपानी कंपनी लॉस एंजेलिसमध्ये दुकान थाटायला गेली. तिथे मोटरसायकल म्हटलं की चामड्याची काळी जाकिटं, दणदणीत इंजिनं आणि थोडीशी दहशत. होंडाच्या माणसांनी हिशोब केला तो अगदी पुस्तकी: इथे सगळंच मोठं चालतं, तर आपण आपल्या मोठ्या गाड्या विकाव्यात. सोबत ५० सीसीची छोटी सुपर कबही आणली होती, पण ती पुढे करायला ते कचरत होते. तसली नाजूक गाडी दाखवली तर आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही, अशी भीती. मोठ्या गाड्या विकल्या गेल्या आणि लवकरच तक्रारी आल्या. अमेरिकन माणूस जपानी माणसापेक्षा लांब आणि वेगाने गाडी हाकत होता. इंजिनातून तेल गळू लागलं, क्लच निकामी होऊ लागले.

दरम्यान हीच मंडळी शहरातल्या किरकोळ कामांसाठी सुपर कबवरून फिरत होती. लोक वळून बघू लागले, ही कुठे मिळते म्हणून विचारू लागले. विचारणारे मोटरसायकलवाले नव्हतेच. गाडी ठेवायला तयार झालेल्या दुकानांमध्येही खेळाचं सामान विकणारी दुकानं होती. पुढे १९६३ मध्ये ग्रे या एजन्सीने 'होंडावर तुम्हाला भली माणसं भेटतात' या आशयाची मोहीम केली. मूळ कल्पना लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने वर्गातल्या असाइनमेंटसाठी लिहिलेली होती. चित्रांमध्ये गृहिणी, तरुण जोडपी, पालक, विद्यार्थी. १९६४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास दर दोन मोटरसायकलींमधली एक होंडाची होती.

पुढे १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात या यशाचं श्रेय उत्पादनखर्च आणि नियोजनबद्ध व्यूहरचनेला दिलं. रिचर्ड पास्केल या अभ्यासकाने १९८४ मध्ये होंडाच्या त्या जुन्या अधिकाऱ्यांच्या तोंडून आलेली, वर सांगितलेली हकिकत प्रसिद्ध केली. व्यवस्थापनाच्या वर्गांत यावर अजून वाद झडतात. अधिकाऱ्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीसुद्धा थोड्या घासूनपुसून बाहेर येतात हे मी धरून चालते. तरीही एक गोष्ट उरते. होंडाला कुठलाही 'सेगमेंट', म्हणजे ठरावीक ग्राहकगट, आधी सापडला नव्हता. सापडला तो एक प्रसंग: जवळच कुठेतरी जायचंय, चालत जाण्याइतकं जवळ नाही आणि मोटार काढण्याइतकं लांबही नाही. त्या प्रसंगात सापडणारी गृहिणी आणि विद्यार्थी यांना एका वयोगटात किंवा उत्पन्नगटात कोंबताच आलं नसतं. स्पर्धाही दुसऱ्या मोटरसायकलशी नव्हती. ती होती पायी जाण्याशी, सायकलशी, किंवा आज नको उद्या जाऊ म्हणण्याशी.

'कोण' या प्रश्नाबद्दल माझ्या मनातली शंका अधिक बळावली ती अँड्र्यू एहरेनबर्ग या संख्याशास्त्रज्ञाच्या कामामुळे. लोक वर्षभरात प्रत्यक्षात काय काय विकत घेतात, याच्या नोंदी त्यांनी अनेक वर्षं तपासल्या. त्यांच्या नावाने ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये एक संशोधन संस्थाही आहे आणि बायरन शार्प या अभ्यासकाने तिथून हे काम पुढे नेलंय. त्यातला निष्कर्ष ब्रँडवाल्यांच्या जिव्हारी लागणारा आहे: एकाच प्रकारच्या दोन स्पर्धक ब्रँडचे ग्राहक एकमेकांसारखेच असतात. वय, स्वभाव, आवडीनिवडी यांत फारसा फरक सापडत नाही. बहुतेकदा ती तीच माणसं असतात, आज हा घेतात, पुढच्या वेळी तो. शिवाय कुठल्याही मोठ्या ब्रँडच्या ग्राहकांत सर्वाधिक संख्या असते ती क्वचित घेणाऱ्यांची, ज्यांना त्या ब्रँडविषयी विशेष काही वाटतही नसतं. 'आमचा ग्राहक वेगळ्याच घडणीचा असतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते म्हणणाऱ्याच्या घरात किती वेगवेगळ्या ब्रँडच्या बाटल्या-डब्यांची खिचडी असेल याचाच विचार मनात येतो.

पर्सोनाबद्दलही, म्हणजे ग्राहक म्हणून कल्पलेल्या माणसाबद्दलही, थोडं बोलायला हवं, कारण हल्ली त्याशिवाय प्रेझेंटेशन पूर्ण होत नाही. एक काल्पनिक नाव, हसरा फोटो, दोन छंद, एक स्वप्न, एक अडचण. ही पद्धत मुळात जाहिरातीतली नाही. अॅलन कूपर या सॉफ्टवेअर डिझायनरने ती रुळवली. प्रोग्राम लिहिताना 'वापरणारा' हा शब्द प्रत्येक जण आपल्या सोयीने ताणतो, म्हणून त्यांनी खऱ्या लोकांशी बोलून एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या लेखी बोलणं आधी होतं. आपल्याकडे बहुतेकदा फोटो आधी येतो. आणि कूपर यांच्यापुढे प्रश्न होता एका कामाचा: या माणसाला या स्क्रीनवर काय साधायचंय? तो प्रसंग काढून टाकला की नुसता छंद आणि स्वप्न उरतं, आणि त्यावरून मला एक ओळही सुचत नाही.

प्रसंग सापडला की ओळी सुचतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या फेब्रीझचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात कपड्यांना-पडद्यांना चिकटलेला वास घालवणारा हा फवारा बाजारात आणायचं चाललं होतं. ज्यांच्या घरात सिगारेटचा किंवा पाळीव प्राण्यांचा वास आहे, ती माणसं घेतील असा सरळ हिशोब होता. 'कोण' या प्रश्नाचं उत्तर इतकं स्पष्ट क्वचितच मिळतं. आणि तरी विक्री रेंगाळली. कारण ज्याच्या घरात वास असतो त्याला तो येतच नाही, नाक सरावलेलं असतं. मग संशोधकांच्या लक्षात आलं, की काही लोक साफसफाई आटोपल्यावर शेवटचा हात म्हणून फवारतात. कंपनीने त्यात सुगंध वाढवला, जाहिरातीत आवरलेली खोली दाखवली आणि चित्र पालटलं. ग्राहक म्हणून आता घर आवरणारं कुणीही चालत होतं. ठरला होता तो फक्त क्षण, काम संपल्याचा.

उलट बाजूचं एक उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर मी फारच एकतर्फी बोलतेय असं होईल. १९५७ मध्ये अमेरिकेत डव्ह साबण बाजारात आला. त्याची जाहिरात करणाऱ्या डेव्हिड ओगिल्व्ही यांनी नंतर लिहिलंय, की तो मळलेल्या हातांच्या पुरुषांसाठी म्हणूनही मांडता आला असता. त्यांनी कोरड्या त्वचेच्या स्त्रियांसाठी म्हणून मांडला, आणि पंचवीस वर्षांनंतरही ते काम करत होतं. इथे 'कोण' स्पष्टच आहे. पण नीट पाहिलं तर त्यातही कोरडी त्वचा हीच कामाची गोष्ट आहे. साबणाने तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटते, तो क्षण. त्या क्षणाने एका वडीत एक चतुर्थांश क्रीम असण्याला अर्थ दिला. मळलेल्या हातांना त्या क्रीमचं काय कौतुक?

आता स्थान. ही कल्पना आज इतकी घासली गेलीय, की तिचा मूळ टोकदारपणा विसरायला होतो. जाहिरात क्षेत्रातल्या जॅक ट्राउट यांनी १९६९ मध्ये तिच्यावर लिहिलं, १९७२ मध्ये अल रीस यांच्यासोबत एक लेखमाला केली आणि मग ती सगळीकडे पसरली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की स्थान वस्तूत नसतं, ते ग्राहकाच्या डोक्यात असतं आणि तिथे आधीच दुसरे बसलेले असतात. म्हणून स्वतःबद्दल बोलण्याआधी तिथे कोण बसलंय हे बघा. माझ्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचा, म्हणजे 'आपण नसतो तर काय' याचा उगम तिथेच आहे.

एव्हिस ही भाड्याने मोटारी देणारी कंपनी या सगळ्याच्या आधीची. हर्ट्झ पहिल्या क्रमांकावर, एव्हिस बरीच मागे आणि तेरा वर्षं तोट्यात. १९६२ मध्ये रॉबर्ट टाउनसेंड तिचे प्रमुख झाले आणि डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीकडे काम गेलं. पॉला ग्रीन या कॉपीरायटरने लिहिलेली जाहिरात सांगत होती: आम्ही फक्त दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून आम्हाला जास्त झटावं लागतं. पुढे तपशील. घाण झालेले अॅशट्रे, अर्धी भरलेली टाकी, झिजलेले वायपर आम्हाला परवडत नाहीत.

या जाहिरातीचं कौतुक सहसा प्रामाणिकपणाबद्दल होतं. मला तिचा धूर्तपणा जास्त आवडतो. क्षण बघा: विमानतळावरचा काउंटर, शेजारी हर्ट्झचा. माणूस हर्ट्झकडे जाणार, कारण सगळे जातात. एव्हिसने हर्ट्झचं नाव न घेता त्याचं मोठेपण मान्य केलं आणि त्यातूनच एक शंका पेरली, की जो पहिला आहे त्याला कशाला झटावं लागेल? आपल्या कमीपणाचं त्यांनी कारण करून टाकलं. पुढचा भाग त्याहून मोलाचा. ती ओळ छापून आल्यावर कंपनीच्या प्रत्येक काउंटरवर गाडीतला अॅशट्रे खरोखर स्वच्छ असणं भाग पडलं. अॅशट्रे घाण मिळाला तर ग्राहक जाहिरातीचीच ओळ तोंडावर फेकणार. आधी ओळख ठरवून मग तिला शोभेल अशी जाहिरात, असा प्रवास इथे झाला नाही. एका जागेवर हक्क सांगितला आणि मग त्या हक्काला जागावं लागलं, त्यातून ओळख घडली. वर्षभरात कंपनी तोट्यातून नफ्यात आली.

ओळखीबद्दल बोलताना लोक लोगो, रंग, टाइपफेस इथे थांबतात, आणि ते अगदीच वरवरचं असतं असं नाही. ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने २००९ च्या जानेवारीत खोक्यावरचं संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं चित्र काढून खोक्याचं रूप बदललं. दोन महिन्यांच्या आत विक्री २० टक्के घसरली आणि जुनं रूप परत आलं. आतला रस तोच होता. दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेला ओळखीचं काही सापडलं नाही, एवढंच. त्या क्षणी नजरेस पडणं हेही ओळखीचंच काम आहे, आणि 'जुनं झालं, कंटाळा आला' ही भावना बहुतेकदा कंपनीच्या आतल्या लोकांची असते. ग्राहक त्या खोक्याकडे इतका वेळ बघतच नाही, की त्याला कंटाळा यावा.

त्याच्या खालचा थर व्होल्वोच्या गोष्टीत दिसतो. १९५९ मध्ये त्यांच्या नील्स बोहलिन या इंजिनिअरने आज प्रत्येक मोटारीत असतो तो तीन बिंदूंचा सीटबेल्ट तयार केला. कंपनीने त्याचं पेटंट इतर उत्पादकांना वापरायला मोकळं करून दिलं. धंद्याच्या सरळ गणितात हा वेडेपणा. वेगळेपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा हाती होता आणि तो सगळ्यांना वाटून टाकला. तरीही 'सुरक्षित गाडी' म्हटल्यावर दशकानुदशकं लोकांना व्होल्वोच आठवत राहिली. वैशिष्ट्य सगळ्यांकडे गेलं, आठवण मात्र हलली नाही. म्हणून 'आमच्याकडे असं काय आहे जे कोणाकडेच नाही?' या प्रश्नावर तासभर घालवणाऱ्या मीटिंगमध्ये मी फार काही बोलत नाही. असं काही असलंच, तर ते दोन वर्षांत दुसऱ्याकडेही असतं.

लेगोचं प्रकरण याच्या उलट दिशेने जातं. खेळणी करणारी डॅनिश कंपनी, १९५८ मध्ये एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचं पेटंट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ऐकलं, की मुलं आता पडद्यापुढे बसतात, विटा जुन्या झाल्या. मग थीम पार्क, व्हिडिओ गेम, कपडे, न जोडता येणाऱ्या बाहुल्या. 'कल्पक मुलांसाठी' अशी ओळख घेतली की यातलं सगळंच बसतं, काहीच नाकारता येत नाही. २००३ मध्ये प्रचंड तोटा झाला. २००४ मध्ये यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले. पुढच्या वर्षी थीम पार्कमधला मोठा हिस्सा विकला गेला, वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या सुमारे १२,९०० वरून ७,००० च्या आसपास आणली गेली. परतीची वाट होती ती विटांपाशी: जमिनीवर बसून हाताने काहीतरी जोडण्याचा वेळ. पुढे त्याच विटांनी मोठ्या माणसांनाही ओढलं, आणि आज प्रौढांसाठीचे संच हा त्यांच्या धंद्याचा एक ठळक भाग आहे. वयाचा रकाना 'मुलं' असा घट्ट धरून बसले असते तर ते सुचलं नसतं.

मार्लबोरोचं नाव मी शक्यतो घेत नाही, पण इथे टाळता येत नाही. १९२४ मध्ये ती स्त्रियांसाठीची सौम्य सिगारेट म्हणून आली. पन्नासच्या दशकात लिओ बर्नेट यांच्या एजन्सीने तिच्यावर काउबॉय बसवला आणि ती मर्दपणाची खूण झाली. माणसाला मारणारी वस्तू विकण्याचं इतकं कसबी काम या क्षेत्रात क्वचितच झालं असेल. ब्रँडच्या ओळखीला 'आत्मा' वगैरे म्हणणाऱ्यांनी ते जरूर आठवावं. आत्मा इतक्या सहज बदलून मिळत नाही.

अर्थात, क्षणाने सुरुवात करण्याच्या माझ्या आग्रहाला क्लायंटचा एक नेहमीचा विरोध असतो आणि तो चुकीचा नाही. एकच क्षण पकडला तर बाकीचे हातचे जातात. विक्रीवाले म्हणतात, सकाळी घेणारेही आहेत, रात्री घेणारेही, त्यांचं काय? मोठ्या ब्रँडला खरोखर अनेक क्षण लागतात. एहरेनबर्ग यांच्या परंपरेतले संशोधकही तेच सांगतात. पण मोठे ब्रँड त्या क्षणांमध्ये एकेक करून शिरलेले असतात. नवा ब्रँड पहिल्याच दिवशी सगळीकडे आठवावा म्हणून धडपडला, तर कुठेच आठवत नाही. शिवाय एक क्षण निवडला म्हणून बाकीच्या वेळी कुणी दारातून हाकलून देत नाही. कोरडी त्वचा नसलेल्यांनीही तो साबण घेतलाच.

दुसरा विरोध जास्त कठीण आहे. क्षण सापडतो, पण त्यात आधीच कुणीतरी घट्ट बसलेलं असतं आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. तिथे शब्दांनी काही होत नाही. वस्तू बदलावी लागते, किंवा क्षण सोडावा लागतो. हे कॉपीरायटरने सांगितलेलं कुणाला आवडत नाही. मला तर त्याचे पैसेही मिळत नाहीत.

एव्हिसने ती ओळ ५० वर्षं चालवली आणि २०१२ मध्ये बदलली. नव्या ओळीचा आशय होता 'ही तुमची जागा आहे', रोख होता कामानिमित्त फिरणाऱ्या प्रवाशांवर. व्यावसायिक प्रवासी, गाडीत बसल्यावर मिळणारा निवांतपणा, संशोधन नक्कीच झालं असेल. पण ही ओळ हॉटेललाही चालते, विमान कंपनीलाही चालते आणि शेजारच्या काउंटरवरच्या हर्ट्झलाही चालते. १९६२ ची ओळ हर्ट्झला चोरूनसुद्धा वापरता आली नसती.